कार्डिओजेनिक शॉक: हृदयाला काही दिवस आधार देणारे पंप आणि ते कधी कामाला येतात

आयसीयूचं दार उघडून डॉक्टर बाहेर येतात आणि सांगतात, "पेशंट शॉकमध्ये आहे." बाहेर उभ्या नातेवाइकांपैकी कुणाला विजेचा शॉक आठवतो, कुणाला वाटतं की कसल्या तरी बातमीचा धक्का बसला असेल. थोड्या वेळानं दुसरं वाक्य येतं: "बलून पंप लावावा लागेल," किंवा "इम्पेलाची सोय असलेल्या ठिकाणी न्यायचं का ते ठरवा." सहीसाठी कागद पुढं येतो, खर्चाचा आकडा कानावर पडतो. त्या गडबडीत समजावून सांगायला कुणाला सवड नसते आणि समजून घ्यायला आपलं डोकं ठिकाणावर नसतं. म्हणून ही माहिती आधीच वाचून ठेवलेली बरी.

शॉक म्हणजे नेमकं काय

तब्येत चांगली असलेल्या माणसाचं हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त शरीरात ढकलतं. दोन-तीन मिनिटांत एक घागर भरेल इतकं. हृदयाच्या स्नायूला अचानक मोठी इजा झाली की ही ताकद कोसळते. मेंदू, किडनी, लिव्हर, आतडी यांना पुरेसं रक्त पोचत नाही. या अवस्थेला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. कार्डिओ म्हणजे हृदयाचा. शॉक इतर कारणांनीही येतो: खूप रक्त गेल्यानं, अंगात जंतुसंसर्ग पसरल्यानं, औषधाच्या रिॲक्शननं. त्यांचे उपचार वेगळे. इथं विषय फक्त हृदयामुळं येणाऱ्या शॉकचा आहे.

डॉक्टर तो ओळखतात तो असा: वरचं ब्लडप्रेशर अर्धा तास किंवा जास्त वेळ ९० च्या खाली राहतं, किंवा ते ९० वर ठेवायला सतत औषध द्यावं लागतं. हातपाय गार आणि घामट होतात. लघवी तासाला ३० मिलीच्याही खाली येते. माणूस बरळायला लागतो किंवा नुसता पडून राहतो. रक्तातलं लॅक्टेट वाढतं. लॅक्टेट म्हणजे पेशींना प्राणवायू कमी पडल्याची खूण. आयसीयूत डॉक्टर "लॅक्टेट किती आलं?" असं पुन्हा पुन्हा विचारताना दिसतात ते यासाठी.

सगळ्यात मोठं कारण हार्ट अटॅक. अटॅक आलेल्या शंभर जणांपैकी साधारण ५ ते १० जणांना हा शॉक येतो, आणि चांगल्या दवाखान्यात, चांगले उपचार होऊनही त्यातले जवळजवळ निम्मे महिनाभरात दगावतात. हा आकडा घाबरवणारा आहे, पण तो माहीत असायला हवा. नाहीतर मृत्यू झाला की लगेच डॉक्टरांवर संशय घ्यायचा किंवा घरातल्यांनी एकमेकांना दोष द्यायचा, हे आपल्याकडं सर्रास चालतं.

अटॅकशिवायही कारणं आहेत. व्हायरल तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते, बाळंतपणाच्या आगेमागे काही तरुण स्त्रियांचं हृदय फुगून कमजोर होतं, झडप अचानक निकामी होते. आपल्या शेतीच्या भागात आणखी एक कारण दिसतं. धान्य टिकवण्यासाठी कोठीत ठेवायच्या ज्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मिळतात, त्यांच्या विषारी वायूनं हृदयाचा स्नायू बधिर होतो. या विषावर उतारा नाही. पण रुग्ण पहिले काही दिवस तगला तर हृदय बऱ्याचदा सावरतं. पंजाबात लुधियानाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना मशीनचा आधार देऊन वाचवल्याचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत. राहत्या खोलीत, लेकरं झोपतात तिथं, या गोळ्या टाकलेलं धान्य कधीही ठेवू नये.

पंप काय करतो, काय करत नाही

शॉकमध्ये एक दुष्टचक्र सुरू होतं. हृदय कमी रक्त ढकलतं, म्हणून ब्लडप्रेशर पडतं. प्रेशर पडलं की खुद्द हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नसांतही कमी रक्त जातं, म्हणून हृदय आणखी थकतं. नॉरॲड्रेनलिन, डोब्युटामिन अशी औषधं सलाइनच्या पंपातून देऊन प्रेशर वर ठेवता येतं, पण एका अर्थी ती थकलेल्या बैलाला पराणी टोचण्यासारखी आहेत. बैल चार पावलं जास्त चालतो, पण त्याचा थकवा जात नाही. यांत्रिक पंपाची कल्पना इथून आली: बैलाला मारण्यापेक्षा थोडं ओझं आपण उचलावं.

लातूरकरांना एप्रिल २०१६ आठवत असेल. शहर कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या गाडीनं मांजरा धरण भरलं नाही. पाऊस येईपर्यंत माणसं तगवली. हृदयाचे तात्पुरते पंप तेवढंच काम करतात. बंद झालेली नस ते उघडत नाहीत, मेलेला स्नायू जिवंत करत नाहीत. नस उघडण्याचं काम अँजिओप्लास्टी किंवा बायपासचं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'शॉक' नावाच्या अभ्यासात दिसलं की या रुग्णांची नस लवकर उघडली तर सहा महिन्यांनी ५०% रुग्ण दगावलेले होते, आणि आधी नुसत्या औषधांवर स्थिर करत बसलं तर ६३%. शॉकमध्ये इतका ठोस फायदा तोवर दुसऱ्या कशानं दिसला नव्हता. म्हणून पंपाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न हाच: नस उघडली का? कधी उघडणार?

बलून पंप

सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त आणि आपल्या भागात भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त असलेला हा पंप. मांडीच्या वरच्या भागातल्या धमनीतून एक बारीक नळी आत सरकवतात आणि तिच्या टोकाचा लांबट फुगा छातीतल्या महाधमनीत ठेवतात. फुगा साधारण ४० मिलीचा, हेलियम वायूनं भरणारा. हेलियम हलका असल्यानं झटकन आत-बाहेर होतो. बाहेरचं मशीन ईसीजीकडं बघून फुगा चालवतं. हृदय आराम करत असतं तेव्हा फुगा फुगतो आणि रक्त हृदयाच्या नसांकडं ढकलतो. हृदय आकुंचन पावण्याच्या अगदी आधी फुगा रिकामा होतो, त्यामुळं हृदयाला कमी जोर लावावा लागतो.

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन इथं डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ साली पहिल्यांदा हा पंप माणसाला लावला. रुग्ण ४५ वर्षांची एक स्त्री होती, आणि ती शॉकमधून बाहेर आली. पुढं चाळीसेक वर्षं जगभर हा पंप शॉकच्या रुग्णांना जवळजवळ सवयीनं लावला गेला.

मग २०१२ मध्ये जर्मनीतून एक मोठा अभ्यास आला. अटॅकनंतर शॉक आलेले ६०० रुग्ण. निम्म्यांना बलून पंप, निम्म्यांना नाही. तीस दिवसांनी मृत्यू पंपवाल्यांत ३९.७% आणि बिनपंपवाल्यांत ४१.३%. म्हणजे फरक नाहीच म्हणा. फुग्यामुळं मिळणारी मदत मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर, हे बघितलं तर नवल वाटायला नको. तेव्हापासून प्रत्येक शॉकच्या रुग्णाला सरसकट बलून पंप लावू नये असं तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

मग आपल्याकडं तो अजून का लावतात? काही ठिकाणी तो खरोखर उपयोगाचा आहे. अटॅकमुळं हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटला किंवा झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटला, तर ऑपरेशन होईपर्यंत रुग्णाला सांभाळायला हा फुगा मदत करतो. रुग्णाला दुसऱ्या शहरात न्यायचं असेल तेव्हा अँब्युलन्समध्ये सोबत नेता येतो. आणि स्पष्टच सांगायचं तर, दुसरा पंप नसतो म्हणूनही लावतात. यात फसवणूक आहे असं समजू नये, पण "हा लावला म्हणजे अब्बा वाचलेच" असंही समजू नये. महाधमनीची झडप खूप गळत असेल किंवा महाधमनीचा थर फाटलेला असेल तर हा पंप लावता येत नाही.

इम्पेला

यामागची गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते. डॉ. रिचर्ड वॉम्प्लर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी इजिप्तमध्ये शेतकऱ्यांना नळीतल्या फिरत्या स्क्रूनं पाणी वर चढवताना पाहिलं. आर्किमिडीजच्या नावानं ओळखलं जाणारं ते दोन हजार वर्षांहून जुनं साधन. त्यावरून त्यांना सुचलं की इतकाच बारीक स्क्रू हृदयात फिरवला तर? त्यांचा हिमोपंप १९८८ मध्ये पहिल्यांदा माणसाला लावला गेला. त्याच तत्त्वावर पुढं जर्मनीतल्या आखन शहरात इम्पेला तयार झाला.

हा पंप पेन्सिलीपेक्षा बारीक असतो. तोही बहुतेक वेळा मांडीतूनच घालतात, पण तो महाधमनीच्या झडपेतून पार होऊन थेट हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात बसतो. त्याचं एक तोंड कप्प्यातलं रक्त ओढतं, दुसरं ते महाधमनीत सोडतं. आतला पंखा मिनिटाला चाळीस हजारांहून जास्त फेरे घेऊ शकतो. शॉकमध्ये जास्त वापरला जाणारा इम्पेला सीपी मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास रक्त पुढं ढकलतो, फुग्याच्या कित्येक पट.

इतकी ताकद असूनही तो जीव वाचवतो याचा पुरावा यायला वेळ लागला. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमध्ये १० वर्षं चाललेला 'डेंजर शॉक' हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठा अटॅक आणि शॉक असलेले ३५५ रुग्ण. सहा महिन्यांनी इम्पेला लावलेल्यांत ४५.८% दगावले, न लावलेल्यांत ५८.५%. म्हणजे आठ जणांना पंप लावला तर एक जादा जीव वाचला. शॉकच्या रुग्णांना एखाद्या पंपानं वाचवलं असं मोठ्या अभ्यासात ठामपणे दिसण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर २०२५ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत निवडक रुग्णांसाठी हा पंप वापरणं योग्य ठरू शकतं असं आलं.

'निवडक' या शब्दावर जोर आहे. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर जे बेशुद्धच राहिले होते, असे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. आणि वाचलेल्यांनीही किंमत मोजली. पंपवाल्यांपैकी सुमारे २२% जणांना मोठा रक्तस्राव झाला, बाकीच्यांत १२%. पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचं प्रमाण ५.६%, दुसऱ्या गटात १.१%. डायलिसिस ४२% जणांना लागलं, दुसऱ्या गटात २७%. पंखा इतक्या वेगानं फिरतो की लाल पेशी फुटतात, कधी लघवी गडद लाल होते. रुग्णाजवळ बसणाऱ्यानं लघवीची पिशवी आणि पायाची बोटं बघत राहावं. बोटं गार, निळसर किंवा बधिर वाटली तर लगेच सिस्टरला सांगावं, सकाळच्या राऊंडची वाट बघू नये. हे बलून पंपालाही लागू आहे.

कप्प्यात रक्ताची गुठळी असेल किंवा महाधमनीला धातूची झडप बसवलेली असेल तर इम्पेला घालता येत नाही.

एक्मो

कोविडमध्ये हा शब्द घरोघरी पोचला. तेव्हा तो मुख्यतः फुप्फुसांसाठी होता. शॉकमध्ये त्याचा दुसरा प्रकार वापरतात: मांडीच्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, मशीनमध्ये त्यात प्राणवायू मिसळायचा आणि धमनीतून परत आत सोडायचं. हृदय आणि फुप्फुस दोन्हींचं काम मशीन करतं. जयललिता यांना डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत हृदय बंद पडल्यावर याच मशीनवर ठेवलं होतं.

सगळ्यात ताकदवान म्हणून सगळ्यात चांगलं, असं इथं नाही. मशीन उलट्या दिशेनं जोरात रक्त सोडतं, त्यामुळं आधीच दमलेल्या डाव्या कप्प्यावर ताण वाढतो. २०२३ मधल्या जर्मन नेतृत्वाखालच्या अभ्यासात अटॅकनंतरच्या शॉकमध्ये सुरुवातीलाच सरसकट एक्मो लावून मृत्यू कमी झाले नाहीत: ४७.८% विरुद्ध ४९%. रक्तस्राव मात्र दुपटीहून जास्त. हृदयाची सूज, विषबाधा असं काही दिवसांत सावरू शकणारं कारण असेल, किंवा हृदय जवळजवळ थांबलंच असेल, तेव्हा अनुभवी टीमच्या हातात त्याला जागा आहे.

नांदेड-लातूरमधलं गणित

अभ्यासातली माणसं मोठ्या शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांत होती. आपला रुग्ण किनवटला असतो, उदगीरला असतो, देगलूरच्या पलीकडच्या तांड्यावर असतो. किनवट-माहूरहून नांदेड शंभर किलोमीटरहून जास्त, उदगीरहून लातूर साठ-सत्तर. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि तिला जोडलेलं, केंद्राच्या योजनेतून उभं राहिलेलं सुपर स्पेशालिटी रुग्णालय आहे. खासगी कॅथलॅब दोन्ही शहरांत आहेत. इम्पेला आणि एक्मो चालवणाऱ्या टीम मात्र मुख्यतः हैदराबाद, पुणे, मुंबई अशा ठिकाणी. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, लातूरहूनही तितकंच. म्हणून आपल्याकडं पंपापर्यंत पोचायचं की नाही हे बऱ्याचदा पहिल्या दोन तासांतच ठरून गेलेलं असतं.

ते दोन तास कसे जातात हे सगळ्यांना माहीत आहे. छातीत दडपण येतं, घाम सुटतो, घरातली मोठी माणसं म्हणतात, "गॅस झालाय, सोडा पी." रात्र असेल तर "सकाळी बघू." साखरेचा आजार असलेल्यांना छातीत दुखतच नाही असंही होतं, नुसता दम लागतो, मळमळतं, एकदम गळून जातात. बाया तर काम सोडून बसायलाच तयार नसतात. आणि भारतीय उपखंडात पहिला अटॅक इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, सरासरी ५३ व्या वर्षी. म्हणजे ज्याच्यावर घर चालतं त्यालाच.

१०८ ला फोन करा. ही सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि फुकट आहे. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी होतो. राज्याच्या स्टेमी प्रकल्पात जोडलेल्या ठिकाणी तो लगेच दूरच्या तज्ज्ञाला पाठवला जातो. नस पूर्ण बंद दिसली आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथंच देतात. ते देऊ द्या. "इथं काही करू नका, डायरेक्ट हैदराबादला नेतो" हा आग्रह आपल्याकडं प्रेमापोटी होतो आणि त्यात हृदयाचा स्नायू तासागणिक मरतो. शॉक दिसत असेल तर इंजेक्शन दिल्यावरही वाट बघत थांबायचं नसतं. जवळच्या कॅथलॅबला लगेच पाठवायचं असतं.

पुढच्या, मोठ्या शहराच्या प्रवासाबद्दल एक सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण देतो. तेलुगू अभिनेते नंदमुरी तारक रत्न २७ जानेवारी २०२३ ला आंध्रातल्या कुप्पममध्ये एका पदयात्रेत कोसळले. मोठा अटॅक होता, हृदय बंद पडलं, तिथल्या दवाखान्यात सुमारे ४५ मिनिटं छाती दाबून ते परत सुरू केलं गेलं. मग बंगळुरूची टीम कुप्पमला आली आणि बलून पंप व औषधांच्या आधारानं त्यांना रस्त्यानं शंभरावर किलोमीटर बंगळुरूला नेलं. ते तिथवर पोचले, तीन आठवडे झुंजले आणि १८ फेब्रुवारीला गेले. वय चाळीसही नव्हतं. यातून दोन गोष्टी समजतात. आधार देऊन, माहीतगार टीमसोबत, शॉकमधल्या रुग्णाला लांब नेता येतं. आणि हृदय थांबलेल्या मिनिटांत मेंदूला जी इजा होते ती कुठलाच पंप भरून काढत नाही.

म्हणून हलवायचं ठरलं तर आधी पुढच्या दवाखान्याशी डॉक्टरांचं डॉक्टरांशी बोलणं झालं पाहिजे. बेड आहे का, पंप प्रत्यक्ष शिल्लक आहे का, टीम रात्री असते का. व्हेंटिलेटर आणि डॉक्टर असलेली कार्डियाक अँब्युलन्स हवी. नुसती ऑक्सिजनची गाडी घेऊन निघू नये. आणि डॉक्टर म्हणत असतील की हा रुग्ण रस्ता सहन करणार नाही, तर पाच गाड्यांतून आलेल्या पाहुण्यांच्या बहुमतानं निर्णय फिरवू नये. घरातला एक माणूस ठरवा, त्यानंच डॉक्टरांशी बोलावं.

त्या माणसानं काय विचारावं? शॉक कोणत्या पायरीवर आहे हे विचारा. डॉक्टर ए पासून ई पर्यंत पाच पायऱ्या मानतात. ई म्हणजे अगदी शेवटची, आणि तिथं पंपाचा उपयोग फार कमी. पंप कशाची वाट बघण्यासाठी लावताय हे विचारा: अँजिओप्लास्टी होईपर्यंत, ऑपरेशन होईपर्यंत, हृदय आपोआप सावरेपर्यंत की हृदयरोपणापर्यंत? याचं एका वाक्यात उत्तर मिळालं पाहिजे. उत्तर "बघू" असं असेल तर पुन्हा विचारा. मेंदूची अवस्था काय आहे आणि किती दिवसांनी आपण परत बसून ठरवायचं हेही विचारून घ्या.

पैसा

शेत गहाण पडतं ते इथं. बलून पंपाचा खर्च हजारांत मोजता येतो. इम्पेलाचा पंप एकदाच वापरायचा असतो आणि त्याची किंमत कित्येक लाखांत जाते. वर आयसीयू, डायलिसिस, रक्त.

आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून जी ओळखली जाते ती २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरुवातीला ८ जिल्ह्यांत आली, त्यात नांदेड होतं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये लातूरसह सगळ्या राज्यात. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि रेशनकार्डाच्या रंगाची अट राहिलेली नाही. अँजिओप्लास्टी आणि बायपास त्यात बसतात. आणीबाणीत फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून देता येतात. पण पंप पॅकेजमध्ये आहे की वेगळे पैसे लागतील हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला सहीपूर्वी विचारा. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८००२३३२२००. योजना त्या दवाखान्याला लागू आहे का हे आधी बघा, कारण हैदराबाद दुसऱ्या राज्यात आहे.

पुण्या-मुंबईच्या धर्मादाय दवाखान्यांना कायद्याच्या कलम ४१ कक नुसार १०% खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १०% दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो, पण तो रुग्ण दाखल असतानाच करावा.

आपल्या घरांत येणारे दोन प्रश्न

पंप चालू असताना रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. बाजारातलं हेपारिन मुख्यतः डुकराच्या आतड्यांपासून बनतं, हे कुणीतरी मोबाईलवर वाचतं आणि आयसीयूच्या दाराशी चर्चा सुरू होते. जीव धोक्यात असताना आणि पर्याय हाताशी नसताना मजबुरी म्हणून अशा औषधाची मुभा बहुतेक आलिम मान्य करतात. बायव्हॅलिरुडिनसारखी कृत्रिम औषधंही आहेत, ती प्रत्येक रुग्णाला किंवा प्रत्येक दवाखान्यात जमतीलच असं नाही. डॉक्टरांना मोकळेपणानं विचारा. मात्र उत्तर येईपर्यंत औषध थांबवायला सांगू नका, पंपात गुठळी व्हायला फार वेळ लागत नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. चार-पाच दिवस झाले, हृदय सावरत नाही, किडनी बंद, मेंदू प्रतिसाद देत नाही. मशीन काढायचं का? काहींना ते गुन्हा वाटतं, काहींना मशीनवर ठेवणं हा छळ वाटतो. भारतात सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ च्या निकालात, आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी करून, सांगितलं आहे की उपचाराचा उपयोग उरलेला नसेल तर दोन वैद्यकीय मंडळांच्या मतानं आणि कुटुंबाच्या संमतीनं जीवनाधार काढता येतो. आलिमांना विचारायचं असेल तर जरूर विचारा, पण आधी डॉक्टरांकडून अवस्था लिहून घ्या: मेंदू कितपत काम करतो, सुधारणेची शक्यता किती, मशीन काढलं तर काय होईल. "अब्बा सीरियस आहेत" एवढ्यावर कुणीच नीट उत्तर देऊ शकणार नाही. आणि कुठलाही तात्पुरता पंप महिनोन्महिने चालवण्यासाठी नसतो. बलून आणि इम्पेला काही दिवस चालतात, कधी आठवडा-दोन आठवडे. तेवढ्यात हृदय सावरलं पाहिजे किंवा पुढचा मार्ग ठरला पाहिजे.

पंप निघतो तेव्हा

सावरणारं हृदय दिसू लागतं. औषधांचे डोस उतरतात, लॅक्टेट दोनच्या खाली येतं, लघवी वाढते, इकोमध्ये स्नायू हलताना दिसतो. मग पंपाचा वेग टप्प्याटप्प्यानं कमी करतात आणि काढतात. त्यानंतर काही तास पाय सरळ ठेवून झोपावं लागतं. भेटायला आलेल्यांनी रुग्णाला उठवून बसवू नये, मांडीच्या जखमेतून रक्त सुटतं. रुग्ण बोलायला लागला की अख्खी गल्ली भेटायला येते. या दिवसांत जंतुसंसर्गाची भीती असते, दोन माणसं पुरेत.

घरी आल्यावर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत. रमजान जवळ असेल तर रोज्यांबद्दल आणि सहरी-इफ्तारला गोळ्या कशा विभागायच्या त्याबद्दल आधीच्या भेटीतच विचारावं. साधारण चाळीस दिवसांनी पुन्हा इको होतो. हृदयाची पंपिंग ३५% किंवा त्याहून कमी राहिली असेल तर छातीत बसवायच्या आयसीडी यंत्राचा विचार डॉक्टर करतात, ते धोकादायक ठोके ओळखून आतून झटका देतं. डिस्चार्ज कार्डावर पंपाचं नाव, कोणत्या मांडीतून घातला, लावल्याची आणि काढल्याची तारीख, अँजिओप्लास्टीची सीडी आणि शेवटचा इको हे सगळं आहे का ते गेटबाहेर पडायच्या आधी बघून घ्या. गावच्या डॉक्टरांना रात्री दोन वाजता तेच लागतं.